अर्धासूत आणि पुढचा ब्रेक

माझ्या वडलांना कारखान्यात कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘अर्धासूत’ म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, फिटर लोकांचं माप. पंप बनवणाऱ्या कारखान्यात बाबा फिटर होते. कुणीही काही जोडून समोर आणलं, की ते एक डोळा बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, “अर्धा सूत बाहेर आहे.” आणि ते खरंच बाहेर असायचं, हा त्यातला खरा वैताग! लग्नानंतर आईने शिवलेला पहिला पडदाही त्यांनी असाच डोळा बारीक करून बघितला म्हणे. आईने हातातली कात्री न बोलता वर केली. तेव्हापासून शिवणकामाबद्दल त्यांनी चकार शब्द काढलेला नाही.

आई घरीच शिवते. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. तिच्या शिवणयंत्राच्या तेलाची एक लांब चोचीची बाटली आहे, आणि ती बाटली आमच्या घरात तिच्याइतकीच बाबांचीही. दाराची बिजागरी असो, कुलूप असो, पंखा असो की माझी लहानपणची सायकल, दुरुस्ती झाली की बाबा मागे न बघता नुसता हात पुढे करायचे आणि म्हणायचे, “बाटली.” आई ती हातात ठेवायची. एक थेंब टाकायचा, फडक्याने पुसायचं, आणि मग काम झालं असं जाहीर करायचं. त्याआधी कुणी “झालं का हो?” असं विचारलं तर ते उत्तरसुद्धा देत नसत.

असा हा माणूस. आणि विसरायला लागला.

सुरुवात सगळ्यांकडे होते तशीच झाली. चष्मा सापडेना, नळ चालू राहिला, गॅस चालू राहिला. आम्ही म्हटलं, वय झालं, चालायचंच. मग एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना त्यांना आमची गल्ली सापडली नाही, आणि मला कुणीतरी फोन करून सांगितलं की तुमचे वडील शाळेच्या पायरीवर बसलेत. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, आणि ते हळूहळू वाढत जाणार हेही सांगितलं. औषधाने थोडं थोपवता येईल, पण मागे फिरवता येणार नाही. मोटरसायकल त्यांना चालवू देऊ नका, हेही सांगितलं.

त्या दिवसापासून मोटरसायकलची किल्ली माझ्याकडे आली. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी लवकर निघायचं, उपाशीपोटी माणसं वाट बघत असतात, उशीर झाला की खेकसतात. त्यामुळे गाडी मला लागतेच. बाबांची गाडी, बाबांनी पोरासारखी सांभाळलेली. मी ती वाटेल तशी दामटायचे आणि त्यांच्या शिव्या खायचे.

आईने मात्र आपलं वेगळंच काम सुरू केलं. बाबांच्या मागे मागे राहायचं. ते उठले की उठायचं, नळ बघायचा, गॅस बघायचा, दाराची कडी बघायची. राहिलेलं काम गुपचूप पुरं करायचं, आणि त्यांच्या लक्षात आलंच तर ते स्वतःवर घ्यायचं. “गॅस? अहो, मीच चालू ठेवला होता, दूध तापवायचं होतं.” किल्ल्या फ्रिजमध्ये निघाल्या तेव्हासुद्धा ती म्हणाली, “मीच ठेवल्या, भाजी ठेवता ठेवता हातात राहिल्या असतील.” मी एकदा तिला बाजूला घेऊन म्हटलं, “अगं, किती खोटं बोलशील?” तर माझ्यावरच उसळली. “तुझं काय जातंय? त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही मला.” मलाही बघवत नव्हतं.

अशात पुढचा ब्रेक ओरडायला लागला. ब्रेक दाबला की किर्रर्र. मी दुर्लक्ष केलं, कारण मी दुर्लक्ष करण्यात पटाईत आहे. पण बाबा वरच्या खिडकीत बसलेले असतात. एका संध्याकाळी मी गाडी जिन्याखाली लावून वर आले, तर दारातच उभे.

“पॅड संपलेत. आता लोखंड डिस्कवर घासतंय. किती दिवस ऐकतोय मी.”

“उद्या गॅरेजवाल्याकडे टाकते, बाबा.”

“गॅरेजवाल्याकडे?” त्यांनी असं विचारलं, जसं काही मी त्यांना वृद्धाश्रमात टाकायला निघाले होते. “घरात फिटर असताना?”

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आमचं हे बघणं त्यांना दिसलं. मग ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात बोलले. बाबा हळू बोलतात तेव्हा मला फार भीती वाटते.

“एवढं मला करू दे गं. सगळं चाललंय हातातून, ते कळतं मला. पण हात आहेत की नाहीत अजून, ते मला बघायचंय. पॅड नीट बसले तर मी स्वतःला सांगेन की अजून आहे मी थोडा. नाही जमलं, तर मी पुन्हा पान्याला हात लावणार नाही. तुम्ही म्हणाल तिथे बसेन.”

यावर नाही कोण म्हणेल? मी म्हटलं, “करा. पण मी शेजारी उभी राहणार.”

“राहा की. शिकशील काहीतरी.”

दुकानात आम्ही दोघं गेलो. बाबांनी मागच्या वेळी बदललेला जुना पॅड पेटीतून शोधून, कागदात गुंडाळून बरोबर घेतला होता. दुकानदाराने दोन डब्या पुढे केल्या आणि त्यातली एक जरा जास्तच पुढे केली. “हे घ्या काका, कडक आहेत. वर्षानुवर्षं बघायला नको.”

“वर्षानुवर्षं कुणाला बघायला नको?” बाबा म्हणाले. “पॅड झिजला नाही तर डिस्क झिजणार. दोघांपैकी एकाने झिजायचं असतं. आणि सकाळच्या गारव्यात हे कडक पॅड लवकर धरत नाहीत. माझी पोरगी सकाळीच निघते.” त्यांनी साधे, मऊ पॅड मागितले. जुना पॅड नव्यावर ठेवला, कडा जुळवल्या, पिनेचं भोक जुळवलं, नखाने दाबून बघितलं, आणि एक डोळा बारीक केला. मी श्वास रोखून उभी. “बरोबर आहे,” ते म्हणाले. अर्धा सूतसुद्धा बाहेर नव्हता! मला दुकानात नाचावंसं वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी जिन्याखाली काम सुरू झालं. आजवर गाडीची असली कामं बाबा कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत उरकायचे. घरी ब्रेक उघडण्याची ही पहिलीच वेळ. आई दोनदा चहा घेऊन खाली आली आणि दोन्ही वेळा नजरेने मला विचारून गेली. मी मानेने सांगितलं, ठीक चाललंय.

ठीक काय, झकास चाललं होतं! चाकावरच्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर त्यांनी सोडवला. पिन ओढली, झिजलेले पॅड बाहेर घेतले, माझ्या तळहातावर ठेवले. “बघ. पापुद्रासुद्धा उरला नाही. मरायचं होतं का तुला?” मग आतली घाण ब्रशने काढली. जुना पॅड पिस्टनवर टेकवून तो अंगठ्यांनी हळूहळू आत ढकलला. ढकलताना वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवायला मला बसवलं, ते वर येऊन सांडलं तर रंग खातं म्हणून. नवे पॅड घासणारी बाजू डिस्ककडे करून बसवले, पिन घातली, बोल्ट आवळले. बाबा नवरदेवासारखे ताठ उभे राहिले, आणि मग ब्रेकची दांडी दाबत राहिले. आधी ती पोकळ जात होती, मग हळूहळू कडक झाली. “हे विसरलं, तर पहिल्या वळणावर खेळ खलास,” ते मला म्हणाले. ते विसरले नव्हते. एकही पायरी विसरले नव्हते. सकाळी काय खाल्लं हे ज्या माणसाला सांगता येत नाही, त्याचे हात एकामागून एक सगळं आपोआप करत होते.

मी गल्लीत एक फेरी मारली. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. आवाज नाही, काही नाही. मी परत येऊन अंगठा वर केला. बाबा पायरीवर बसले आणि त्यांनी फडक्याने तोंड पुसलं. तोंडाला काळं लागलं, मी हसले, तेही हसले. मग मी अंघोळीला वर गेले. ते खाली पसारा आवरत राहिले.

जेवताना त्यांनी दुकानदाराची गोष्ट आईला तीन वेळा सांगितली. आम्ही तिन्ही वेळा हसलो, आणि खरं सांगते, तिन्ही वेळा मनापासून हसलो. जेवून ते झोपले. घोरणंसुद्धा खुशीतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो, तिथे मी नेहमीसारखा पुढचा ब्रेक दाबला. दांडी कडक होती. पण गाडी थांबेचना! ब्रेक लागतोय आणि धरत नाही, गुळगुळीत दगडावरून पाय घसरावा तसं. समोरून टेम्पो आला. मी पायाचा ब्रेक मारला, गाडी आडवी झाली, आणि मी फुटपाथच्या कडेला कोपर घासत गेले. टेम्पोवाला पुढे जाऊन थांबला आणि माझ्या सात पिढ्या उद्धरून गेला. आरसा फुटला, कोपर सोललं, नमुन्यांचा डबा लांब जाऊन पडला. जीव वाचला. एवढंच.

गाडी ढकलत घरी आणली. बाबा खिडकीत होते. जिना उतरून आले तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. माझं कोपर बघितलं, आरसा बघितला, मग पुढचं चाक.

“पुढचा ब्रेक?”

मला खोटं बोलायला हवं होतं, कुत्रं आडवं आलं असं काहीतरी. पण सुचलंच नाही. मी म्हटलं, “धरला नाही.”

ते वर गेले, हत्यारांची पेटी पलंगाखालून ओढली, बंद केली आणि दाराशी आणून ठेवली. आई माझ्या कोपरावर औषध लावत होती. बाबा म्हणाले, “गॅरेजवाल्याला म्हणावं, पेटी घेऊन जा. त्याच्या उपयोगी पडेल.” आणि खुर्चीत जाऊन बसले. खिडकीकडे पाठ करून.

मला पटत नव्हतं. मी स्वतः उभी होते ना तिथे! आदल्या दिवशी गाडी थांबली होती ना! मी तशीच गाडी ढकलत गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने चाक फिरवलं, डिस्कवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

“ताई, डिस्कला तेल कुणी चोपडलं? पॅड पार भिजलेत. आता हे टाकूनच द्यायचे.”

“ब्रेक ऑइल गळलं असेल.”

“छे! हे पातळ आहे. वास घ्या.”

मी वास घेतला. त्या वासात मी लहानाची मोठी झाले आहे. शिवणयंत्राचं तेल.

क्षणभर काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. मला राग येण्याऐवजी आनंद झाला, काय सांगू! बाबांनी चूक केलीच नव्हती. मी धावतच घरी आले. स्वयंपाकघरात आईला गाठलं.

“आई, काल तू गाडीला तेल लावलंस का?”

तिने ओट्याला धरलं. “हो. का?”

“कुठे?”

“त्या चकचकीत चकतीला. दुपारी हे झोपले होते तेव्हा. दोन्ही बाजूंनी पुसून घेतलं छान. कडेला गंज धरायला लागला होता.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती पुढे भराभर बोलायला लागली. “अगं, त्यांनी बाटली मागितलीच नाही ना! काम झालं आणि बाटली मागितली नाही, असं कधी झालंय का? मला वाटलं, विसरले. उगाच कशाला त्यांच्या जिवाला लागायला, म्हणून मी गुपचूप जाऊन...”

“आई, ब्रेकच्या डिस्कला तेल लावत नाहीत गं. तेल लागलं की ब्रेक धरतच नाही. म्हणूनच त्यांनी बाटली मागितली नाही.”

तिचा चेहरा बघून मला वाटलं, हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली. “मी तुला मारलं असतं गं,” असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, नाही मेले ना, पुरे. पण ती उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, “मी सांगते त्यांना. आत्ताच्या आत्ता. ते बिचारे तिकडे तोंड फिरवून बसलेत माझ्या चुकीपायी.”

बाहेरच्या खोलीत तिने सगळं सांगितलं. “तुम्ही बाटली मागितली नाहीत, म्हणून मला वाटलं विसरलात, म्हणून मी खाली गेले, फडकं घेतलं.” सगळं. बाबा ऐकत होते. मला वाटलं, आता उठतील, आता चिडतील, “अक्कल आहे का?” म्हणून ओरडतील. मी देवाकडे मागत होते की ओरडू दे त्यांना.

ते हसले. मायेने हसले.

“गॅस मीच चालू ठेवला होता,” ते म्हणाले. “नळही मीच. किल्ल्या फ्रिजमध्ये मीच ठेवल्या होत्या, आणि तू म्हणालीस तू ठेवल्यास. मला काहीच कळत नाही असं वाटतं का तुला? तेव्हा मी बोललो नाही. म्हटलं, तुला बरं वाटतंय तर वाटू दे. पण हे नको. यात पोरीचा जीव जात होता. हे तुझ्या अंगावर घ्यायचं नाही.”

“अहो, पण खरंच मी लावलं!”

“आयुष्यभर काम झालं की मी थेंब टाकतोय. हाताला वळणच पडलंय. डोकं ठिकाणावर नसलं की हात वळणावर जाणार. मीच टाकलं असणार.”

“बाबा, मी होते तिथे,” मी ओरडलेच. “तुम्ही तेल लावलं नाही. मी बघितलंय.”

“तू अंघोळीला वर गेलीस. त्याच्यानंतर मी खाली काय केलं, ते आठवून बघतोय सकाळपासून.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “काहीच नाही. काहीच आठवत नाही.”

तेल कुणी लावलं याची साक्षीदार फक्त आई, आणि आईने इतके महिने त्यांच्यासाठी इतक्या साक्षी दिल्या होत्या, की आता तिची साक्ष कुणी खरी धरणार नव्हतं. मी गॅरेजवाल्याला फोन लावला, तो म्हणाला हो हो तेलच होतं. बाबा म्हणाले, “तेल होतं, हे मीही म्हणतोय की.” आईने बाटली आणून दाखवली, फडकं आणून दाखवलं, काळं झालेलं. बाबांनी फडकं हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं. जणू काही तिने त्यांच्या चुकीवर घालायला आणखी एक पडदा शिवून आणला होता.

संध्याकाळी गॅरेजवाला आला. त्याला पेटी न्यायची नव्हती, तो नुसता गाडी पोचवायला आला होता. पण बाबा उठून उभे राहिले आणि “ने रे, जड आहे, सांभाळून,” म्हणाले. तेव्हा आई जाऊन पेटीवर बसली. खरंच बसली. साडी सावरून, हात मांडीवर घेऊन, हट्टी पोरीसारखी. गॅरेजवाल्याला कुठे बघावं कळेना.

“ऊठ गं,” बाबा म्हणाले.

“नाही उठणार. मी लावलं तेल. मी. तुमचं काम बरोबर होतं. म्हणा तसं, मगच उठते.”

बाबा तिच्यासमोर वाकले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बरं,” ते म्हणाले. “तूच लावलंस. माझं काम बरोबर होतं.”

इतके महिने आम्ही दोघी त्यांची समजूत काढताना जो आवाज काढत होतो, अगदी त्याच आवाजात ते हे बोलले. आईलाही तो ओळखू आला. ती उठली.